कडधान्यातला भुंगेरा रात्रभर काय करतो? प्रयोगशाळेत कीटकांचं वर्तन स्वयंचलित साधनांनी नोंदवण्याची सविस्तर पद्धत

कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात वर्तनाचा प्रयोग बहुतेक वेळा असा होतो: सकाळी दहाला पेट्री डिश मांडायच्या, दर तासाला जाऊन कीटक कुठे आहेत ते वहीत लिहायचं आणि संध्याकाळी साडेपाचला प्रयोगशाळेला कुलूप. त्या वहीत रात्रीचे रकाने कोरे राहतात. दिवसाच्या दोन नोंदींमधली एकोणसाठ मिनिटंही कोरीच असतात. परभणी, लातूर, बदनापूर, अंबाजोगाई इथल्या कृषी महाविद्यालयांत किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात हे रकाने आता भरता येतात, तेही लाखोंची परदेशी यंत्रणा न घेता. तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक, त्याचा कॅमेरा, थोडे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे आणि मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होतं.

एक गोष्ट मात्र आधीच ठामपणे सांगते. कॅमेरा आणि संगणक मिळून तुम्हाला एवढंच देतात की अमुक क्षणी कीटक अमुक ठिकाणी होता. त्याला चालणं म्हणायचं, शोध म्हणायचा, विश्रांती म्हणायची की भीती, हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं. त्यासाठी तो कीटक तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी भरपूर पाहिलेला असावा लागतो. म्हणून या लेखातली पहिली पायरी यंत्राशिवायची आहे, आणि ती गाळून पुढे जाऊ नका.

कीटक कोणता घ्यावा

सुरुवातीला कडधान्यावरचा भुंगेरा घ्या, शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस. तूर, मूग, चवळी, हरभरा साठवणाऱ्या प्रत्येक घराला तो ठाऊक आहे आणि लातूर-उदगीरच्या डाळ व्यवसायाला तर फारच. अभ्यासासाठी तो सोयीचा आहे, कारण प्रौढ भुंगेऱ्याला खाण्यापिण्याची गरज नसते. तो अळी असताना साठवलेल्या ताकदीवरच आठ-पंधरा दिवस जगतो. त्यामुळे एक-दोन दिवसांच्या सलग चित्रीकरणात मध्येच डिश उघडून खाणं-पाणी द्यावं लागत नाही, आणि कीटक बिचकत नाही.

पैदास सोपी आहे, पण दाण्याच्या निवडीत हयगय नको. बाजारातल्या दाण्यावर धुरी दिलेली असू शकते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून औषध न लावलेला दाणा आणा. वाण एकच ठेवा. बीडीएन ७११ या वाणाची तूर घेतली तर शेवटपर्यंत तीच, कारण दाण्याचा आकार आणि सालीचा गुळगुळीतपणा बदलला की मादीची अंडी घालण्याची निवडही बदलू शकते. आणलेला दाणा आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवला की आत दडलेली कीड मरते. मग काचेच्या बरणीत दाणे, त्यावर भुंगेरे, तोंडाला मलमलचं कापड. २४ तासांनी भुंगेरे काढून टाका म्हणजे सगळी अंडी एकाच दिवसाची राहतात. २८ ते ३० अंश तापमानात साधारण चार आठवड्यांत नवे प्रौढ दाण्याला गोल खिडकी पाडून बाहेर येतात.

बाहेर येण्याच्या आधी अंडी चिकटलेले दाणे एकेक करून छोट्या कुपीत ठेवा. अशानं प्रत्येक भुंगेऱ्याचं वय कळतं आणि मिलन न झालेले नर-मादी हाती लागतात. नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी, मादीच्या साध्या करवतीसारख्या. साध्या भिंगाखाली फरक दिसतो. नर-मादी एकाच डिशमध्ये मिसळून ठेवले की नर मादीच्या मागे लागतो आणि तुमची सगळी नोंद त्या पाठलागाची होते. पाठलागच अभ्यासायचा नसेल तर वेगळे ठेवा. उचलताना मऊ ब्रश वापरा. कार्बन डायऑक्साइडनं बेशुद्ध केलेला कीटक उठला तरी बराच वेळ त्याचं वागणं पूर्ववत झालेलं नसतं.

आधी नुसतं बघा

डिशमध्ये एक मादी आणि पाच-सहा दाणे ठेवून शांत बसा. ती दाण्यावर चढते, फिरते, मिशांनी आणि पोटाच्या टोकानं दाणा तपासते, कधी अंडं घालते, कधी उतरून दुसऱ्याकडे जाते. आधीच अंडी असलेला दाणा ती शक्यतो टाळते. प्रत्येक कृतीला नाव द्या आणि ती कुठे सुरू होते, कुठे संपते, हे एका वाक्यात लिहा. 'दाण्याला भेट: सहाही पाय दाण्यावर' अशी व्याख्या हवी. 'दाण्यात रस दाखवला' ही व्याख्या नव्हे.

आता ब्रशनं भुंगेऱ्याला हलकेच स्पर्श करा. तो पाय आखडून निपचित पडेल. मेल्याचं हे सोंग अनेक भुंगेऱ्यांत दिसतं, या जातीत तर त्याच्या आनुवंशिकतेवरही संशोधन झालं आहे. कॅमेऱ्याला मात्र सोंग घेतलेला, झोपलेला, दमलेला आणि खरोखर मेलेला भुंगेरा सारखाच दिसतो: न हललेला काळा ठिपका. फळमाशीच्या अभ्यासात सलग पाच मिनिटं हालचाल नसली की झोप, असा दंडक आहे. तो २००० च्या सुमारास बसवताना संशोधकांनी आधी हे तपासलं होतं की तेवढा वेळ स्थिर असलेल्या माशीला जागं करायला जास्त जोराचा धक्का लागतो. ती तपासणी न करता तोच पाच मिनिटांचा नियम भुंगेऱ्याला लावून 'झोप' हा शब्द प्रबंधात लिहिणं चूक आहे. 'अचल' लिहा; ते खरं आहे.

मांडणी: डिश, प्रकाश, कॅमेरा

नवखे विद्यार्थी सॉफ्टवेअर शोधण्यात आठवडे घालवतात आणि प्रकाशयोजना अर्ध्या तासात उरकतात. हे उलट व्हायला हवं. चित्र स्वच्छ असेल तर साधं मोफत सॉफ्टवेअरही उत्तम काम करतं, आणि चित्रात सावल्या-चकाकी असेल तर महागडं सॉफ्टवेअरही ठिपका हरवतं.

९० मिलिमीटरच्या सहा पेट्री डिश तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा. त्यासाठी साधारण ३०० बाय २०० मिलिमीटर जागा लागते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या चित्रात दर मिलिमीटरला सुमारे ५.४ पिक्सेल मिळतात, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा भुंगेरा जवळपास १९ पिक्सेल लांब दिसेल. तो कुठे आहे हे कळायला एवढं पुरतं. मिशांची हालचाल बघायची असेल तर अजिबात पुरत नाही. तेव्हा एकच डिश घ्या आणि कॅमेरा जवळ आणा. हे गणित प्रयोगाआधी कागदावर करा.

भुंगेरा काचेवरही चढतो. डिशच्या कडेला फ्लुऑन या निसरड्या द्रवाचा पातळ लेप द्या. तो नसेल तर अल्कोहोलमध्ये कालवलेली टाल्कम पावडर कडेला लावून वाळू द्या, पाय घसरतात.

प्रकाश खालून द्या. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त एलईडी पट्ट्या, त्यावर काही सेंटिमीटर पोकळी, मग दुधी ॲक्रिलिकची काच आणि तिच्यावर डिश. बहुतेक कीटकांना ही तरंगलांबी दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी अंधारच राहतो आणि तुम्हाला पांढऱ्यावर काळा ठिपका मिळतो. पोकळी सोडायचं कारण उष्णता. एलईडी थेट काचेला टेकले तर मधल्या डिश कडेच्या डिशपेक्षा गरम होतात आणि गरम डिशमधला भुंगेरा जास्त पळतो. तुम्ही तो फरक तपासत असलेल्या औषधाचा समजाल. दोन तास दिवे लावून सहाही जागी तापमान मोजा, मगच पुढे जा.

दिवस-रात्र दाखवायला वर वेगळी पांढरी एलईडी पट्टी टायमरवर लावा, १२ तास चालू, १२ तास बंद. कॅमेरा अवरक्त फिल्टर काढलेला हवा. रास्पबेरी पायचा तसा कॅमेरा तयार मिळतो. त्याच्या भिंगावर दृश्य प्रकाश अडवून अवरक्तच आत सोडणारा फिल्टर बसवला की पांढरा दिवा लागला काय, विझला काय, चित्र एकसारखं राहतं. कॅमेऱ्याचं आपोआप उजेड जुळवणं बंद करून मूल्यं कायम करा. डिशच्या पातळीवर पोलादी पट्टी ठेवून एक फोटो काढून ठेवा, पिक्सेलचे मिलिमीटर करायला तोच उपयोगी पडतो.

हे खालचे दिवे दाण्यांशिवायच्या प्रयोगाला उत्तम आहेत. डिशमध्ये तूर टाकली की दाणाही काळा आणि भुंगेराही काळा, दोघांची सावली एक होते. तेव्हा दाणे मोजके, एकमेकांपासून लांब आणि जागेवर चिकटवलेले ठेवा. प्रत्येक दाण्याभोवती सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ आखा आणि भुंगेरा त्या वर्तुळात शिरून दिसेनासा झाला की त्याला भेट धरा. वरून अवरक्त प्रकाश देऊनही बघा. तुमच्या वाणाच्या दाण्यावर भुंगेरा उठून दिसत असेल तर काम आणखी सोपं होतं.

आपल्याकडची हवा आणि आपल्याकडची वीज

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि दुपारी हवा अगदी कोरडी होते. पंख्याखालच्या खोलीत केलेला मे महिन्यातला प्रयोग आणि डिसेंबरातला प्रयोग हे दोन वेगळे प्रयोग आहेत, कारण कीटकाच्या शरीराची गती बाहेरच्या तापमानावर चालते. बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारं कपाट, असेल तर सगळी मांडणी त्याच्या आतच करा. आर्द्रतेसाठी महागडं यंत्र लागत नाही. बंद कपाटात उथळ ताटलीत मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ दिसेल इतकं घट्ट, ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. तापमान-आर्द्रता नोंदवणारा छोटा सेन्सर कायम चालू ठेवा आणि त्याची नोंद चित्रफितीसोबत जपा.

वीज जाणारच, हे धरून चाला. रास्पबेरी पाय, दिवे आणि टायमर तिन्ही एकाच यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेरा चालू आणि दिवे बंद अशी रेकॉर्डिंग निरुपयोगी असते. सलग २४ तासांची एक फाइल करू नका, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाइल करा. एमपी४ फाइल मध्येच तुटली तर बहुधा उघडतच नाही. एमकेव्ही प्रकारात तुटलेल्या क्षणापर्यंतचं चित्र सहसा वाचतं. आणखी एक बाब, जी बहुतेक परदेशी मार्गदर्शिकांत शेवटी कुठेतरी येते आणि आपल्याकडे पहिल्या पानावर हवी: रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या प्रकारांत स्वतःचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसलं की त्याची वेळ चुकते, आणि दिवस-रात्रीच्या अभ्यासात वेळ चुकली की सगळंच गेलं. डीएस३२३१ हे बटन-सेलवर चालणारं घड्याळ जोडा. अगदी स्वस्तात काम होतं.

भुंगेऱ्याच्या चालण्यासाठी सेकंदाला ५ फ्रेम पुरतात. २४ तासांत ४,३२,००० फ्रेम होतात. दर सेकंदाला १ मेगाबिट या दरानं साठवलं तर एका दिवसाचे सुमारे १०.८ जीबी. पैदास सुरू करण्याआधीच हार्ड डिस्क घ्या.

मागोवा: सॉफ्टवेअर आणि त्याची उलटतपासणी

फिजी, म्हणजे इमेजजे या मोफत चित्र-विश्लेषण सॉफ्टवेअरचंच भरगच्च रूप, आणि त्यातलं ट्रॅकमेट यांपासून सुरुवात करा. एका डिशमध्ये एक कीटक असेल तर टॉक्सट्रॅक हे विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअरही चांगलं. एका डिशमध्ये अनेक भुंगेरे असतील आणि कोण कोणता हे शेवटपर्यंत ओळखायचं असेल तर आयडीट्रॅकर एआय. मिशा, पाय, डोकं असे अवयव वेगळे टिपायचे असतील तर २०१८ मध्ये आलेलं डीपलॅबकट किंवा नंतरचं स्लीप (SLEAP). या दोघांना सुरुवातीला शे-दोनशे फ्रेमवर हातानं खुणा करून शिकवावं लागतं, आणि लॅपटॉपला चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर शिकवण्याचं काम गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर करता येतं. नेदरलँड्सच्या नोल्डस कंपनीचं एथोव्हिजन दर्जेदार आहे, पण विभागाकडे आधीपासून नसेल तर त्यासाठी थांबू नका.

फळमाशीवाल्यांचं आणखी एक जुनं साधन आहे: काचेच्या ३२ नळ्या, प्रत्येकीच्या मध्यातून जाणारा अवरक्त किरण, माशीनं किरण तोडला की एक नोंद. ते विश्वासू आहे. पण कीटक नळीच्या एका टोकाला येरझाऱ्या घालत असेल तर त्याची नोंद शून्य येते. आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर ते घरीही बनतं. किती आणि कधी एवढाच प्रश्न असेल तर जरूर बनवा.

मागोव्याचं मूळ तंत्र एकच आहे. रिकाम्या डिशचं चित्र घ्यायचं, ते प्रत्येक फ्रेममधून वजा करायचं. उरतो तो कीटक. इथे दोन ठिकाणी फार जण फसतात.

पहिलं, पार्श्वभूमीचं चित्र. अनेक सॉफ्टवेअर ते चित्रफितीतूनच सरासरी काढून बनवतात. भुंगेरा तासभर एका जागी बसून राहिला तर तोच पार्श्वभूमीचा भाग होतो आणि वजाबाकीत गायब होतो. नेमका निश्चल कीटक हरवतो, म्हणजे निश्चलतेचा अभ्यासच बुडतो. म्हणून भुंगेरे सोडण्याआधी रिकाम्या डिशचं पाच मिनिटं चित्रीकरण करा आणि तीच पार्श्वभूमी वापरा.

दुसरं, ठिपक्याची थरथर. कीटक जागचा हलला नाही तरी चित्रातल्या बारीक बदलांमुळे त्याचा मध्यबिंदू इकडेतिकडे सरकतो. दर फ्रेमला ०.१ मिलिमीटर एवढीच थरथर धरली तरी सेकंदाला ५ फ्रेमच्या हिशेबानं तासाला १.८ मीटर अंतर जमा होतं. हे अंतर मेलेला भुंगेराही 'चालतो'. त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एका डिशमध्ये मेलेला भुंगेरा ठेवाच. त्याची जास्तीत जास्त थरथर किती ते बघा आणि त्याहून लहान सरकणं शून्य धरा. माझ्या मते या एका डिशइतकी मोलाची डिश सगळ्या प्रयोगात दुसरी नाही.

यानंतर तुमच्या व्याख्या यंत्राच्या भाषेत उतरवा: इतक्या मिलिमीटर प्रतिसेकंदाच्या वर चालणं, इतक्या वेळ त्याखाली अचल, या वर्तुळात भेट. मग पडताळा. रेकॉर्डिंगमधून चिठ्ठ्या टाकून पाच-पाच मिनिटांचे काही तुकडे निवडा. त्यांत रात्रीचेही हवेत. दोघांनी स्वतंत्रपणे, कोणती डिश कोणत्या उपचाराची हे न कळता, बोरिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हातानं नोंदी करा. आधी दोन माणसांचं आपसांत किती जुळतं ते कोहेनच्या कापा गुणांकानं बघा. माणसांचंच जुळत नसेल तर व्याख्या ढिली आहे, ती दुरुस्त करा. माणसांचं जुळलं की मग यंत्राचं त्यांच्याशी ताडून बघा. निकाल प्रबंधात जसाच्या तसा छापा, कमी आला असेल तरीही.

एक पूर्ण उदाहरण: कडुनिंबाचं तेल

डाळ-कडधान्याला तेल चोळून ठेवायची रीत घराघरांत आहे. प्रश्न असा घेऊ: कडुनिंबाचं तेल लावलेल्या तुरीपासून मादी आधीच दूर राहते, की दाण्यावर चढून तपासल्यावर मागे फिरते? शेवटी अंडी मोजून हे कधीच कळणार नाही, कारण दोन्हींत अंडी कमीच दिसतील. भेटींची संख्या आणि प्रत्येक भेटीचा कालावधी मिळाला तरच उत्तर मिळतं, आणि स्वयंचलित साधनांची खरी गरज अशा ठिकाणी असते.

डिशच्या एका अर्ध्यात तेल लावलेले तीन दाणे, दुसऱ्यात साधे तीन. झाकण घट्ट बंद असेल तर तेलाचा वास डिशभर पसरतो आणि निवडीला अर्थ उरत नाही, म्हणून झाकणाऐवजी बारीक जाळी लावा. तेल लावलेली बाजू प्रत्येक डिशमध्ये आलटून पालटून डावी-उजवी करा. सहा जागांपैकी कुठे काय ठेवायचं तेही दर वेळी बदला, कारण दरवाजाकडची डिश आणि भिंतीकडची डिश कधीच सारखी नसते. काही डिशमध्ये दोन्हीकडे साधेच दाणे ठेवा. तिथेही मादी एका बाजूला कलत असेल तर दोष तुमच्या मांडणीत आहे. मादी सोडल्यावर पहिला तासभर ती बावरलेली असते, तो भाग विश्लेषणातून वगळायचा की नाही हे प्रयोगाआधीच लिहून ठेवा.

विश्लेषणात एक गल्लत वारंवार दिसते. तीस माद्यांच्या प्रत्येकी ४,३२,००० फ्रेम म्हणजे सव्वा कोटीहून जास्त ओळी होतात, आणि एवढ्या ओळींवर कुठलीही सांख्यिकीय चाचणी लावली की फरक 'सिद्ध' होतो. तुमचा नमुना तीसच आहे. एका मादीची सगळी चित्रफीत म्हणजे एक निरीक्षण. आधी प्रत्येक मादीसाठी भेटींची संख्या, भेटीचा मध्यक कालावधी असे मोजके आकडे काढा आणि तुलना त्यांच्यात करा. त्या तीसही माद्या एकाच बरणीतल्या नकोत. निरनिराळ्या बरण्यांतल्या, शक्य तर दोन पिढ्यांतल्या घ्या. आर (R) या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं.

रेकॉर्डिंग संपल्यावर दाण्यांवरची अंडी भिंगाखाली मोजा आणि चित्रफितीतल्या भेटींशी लावून बघा. मूळ चित्रफिती पुसू नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती, चालणं-अचल ठरवणाऱ्या उंबरठ्याची मूल्यं, तापमानाची फाइल आणि हातानं केलेल्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. फाइलच्या नावात तारीख, डिशचा क्रमांक आणि मादीचा क्रमांक हवा. उपचाराचं नाव नको, नाहीतर हातानं नोंद करणाऱ्याला ते आधीच कळतं. वापरलेले दाणे आणि भुंगेरे टाकण्याआधी आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, विशेषतः विभागाच्या शेजारी बियाण्याचं गोदाम असेल तर.

भुंगेऱ्यावर हात बसला की हीच मांडणी गुलाबी बोंडअळीच्या पतंगासाठी वाढवता येते. त्याचं मिलन रात्री उशिरा होतं. शेतातला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधानं नर ओढणारा सापळा, किती पतंग पडले ते सांगतो, ते गंधाकडे कसे आले ते सांगत नाही. तिथे डिशऐवजी जाळीचा पिंजरा लागेल, सेकंदाला ५ च्या जागी निदान ३० फ्रेम लागतील, आणि पतंग तिन्ही मितींत उडत असल्यानं एका कॅमेऱ्याच्या जागी दोन लागतील. पिंजऱ्यात गंधाची कुपी ठेवण्याआधी दोन-तीन रात्री कुपीशिवायचं रेकॉर्डिंग घ्या आणि ते आधी डोळ्यांनी पूर्ण बघा.